मोजलेला डोह

माझा प्रबंध कुणी वाचलाच नाही, असं मी वर्षानुवर्षं हसत हसत सांगत आलो. ऐकणारेही हसतात. एम.एस्सी.चे प्रबंध वाचतं कोण? लिहिणारा, टाईप करणारा आणि झालंच तर परीक्षक, तोही चहा येईपर्यंत. पण हे खोटं आहे. माझा प्रबंध एका माणसाच्या पुरेपूर कामाला आला. तो मासेमारीचा ठेकेदार होता आणि त्याला इंग्रजीचा गंध नव्हता. त्याला नकाशा पुरला.

तो प्रबंध अजून पलंगाखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत आहे. काळं कापडी बाइंडिंग, वर सोनेरी अक्षरं. दर दिवाळीच्या साफसफाईत बायको विचारते, हे रद्दीत टाकू का? मी म्हणतो, राहू दे. तिला वाटतं मी तो अभिमानानं जपलाय. वाटो बापडीला.

आम्ही पिंपरीला कामगारांच्या चाळीत राहायचो. वडील सोलापूरकडच्या खेड्यातून आलेले, कंपनीत झाडूपासून सुरुवात करून मशीनवर पोचलेले. चाळीत निम्मी घरं आम्हा बौद्धांची, बाकी कोकणातले, मराठवाड्यातले, मिळेल तिथले. तिथल्या पोरांची वाट आखलेली असायची. मॅट्रिक झाली की आय.टी.आय., मग अप्रेंटिस, मग नशीब असेल तर कायम. मी कॉलेजात प्राणिशास्त्र घेतलं तेव्हाच लोकांना माझी काळजी वाटू लागली होती. पुढे एम.एस्सी.ला मी मासे हा विषय घेतला म्हटल्यावर त्यांनी काळजी सोडली आणि थट्टा धरली. पहिल्या शिफ्टहून सुटलेले लोक नळावर हात धुता धुता विचारायचे, ‘काय राव, आज बोंबील कसा दिला?’ आई तेवढी गंभीरपणे म्हणाली, ‘सोळा वर्षं शाळा करून शेवटी मासळीच का रे?’ तिचं काही चुकलं नव्हतं.

वडील मात्र माझ्या बाजूनं होते. त्यांना माशांचं काही पडलेलं नव्हतं. मी पुस्तक लिहिणार, ते टाईप होणार, त्याला पुठ्ठा लागणार आणि ते सरकारमान्य कॉलेजात कायमचं राहणार, याचं त्यांना अप्रूप. कारण सांगतो. गावी आमच्या वस्तीची विहीर होती. माझ्या आजोबांनी आणि त्यांच्या भावांनी सुरुंग न लावता, नुसत्या पहारीनं खणलेली. पुढे जमिनीची मोजणी आली आणि ती विहीर दुसऱ्याच्या गटात गेली. विहीर कुणी खणली हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण कागद नव्हता. आजोबा कचेरीच्या पायरीवर बसून बसून म्हातारे झाले. वडिलांनी त्यातून एकच गोष्ट उचलली आणि ती आम्हाला जेवताखाता ऐकवली. ‘तोंडी काही ठेवायचं नाही. जे असेल ते लिहून ठेवायचं.’ कंपनीचा पहिला हजेरीपास त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून बुद्धाच्या फोटोमागे ठेवला होता. मी याच घरात वाढलो. कागदावर आलं म्हणजे वाचलं, हे माझ्या अंगात भिनलेलं होतं. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचा गाढवपणा कुठून आला ते कळेल.

प्रबंधासाठी आधी पवना नदी ठरली होती. घराजवळची, बसभाडं वाचणार. पण तोवर पवनेच्या पाण्याला काही दिवशी रंग यायला लागला होता, काही दिवशी फेस. मी दोन महिने काठानं हिंडलो आणि बरणीत भरून आणले ते चार चिमुकले मासे आणि एक फुगलेला बेडूक. माझे मार्गदर्शक सर पुण्यातले, अंगानं बारीक, बोलायला मऊ, कधी कुणावर आवाज न चढवणारे. त्यांनी बरणी उजेडात धरून पाहिली आणि म्हणाले, ‘यावर प्रबंध नाही होणार. मृत्युलेख होईल. तू इंद्रायणीवर जा. तिकडे अजून नदी आहे.’

मग मी सायकल काढली. पिंपरीहून चिखलीवरून इंद्रायणीपर्यंत, नदी ओलांडून निघोज्याच्या अंगाला. तेव्हा चाकण म्हणजे कांद्याचा बाजार. तिथं कधी कारखाने येतील असं कुणी म्हटलं असतं तर त्याला लोकांनी पाणी पाजून सावलीत बसवलं असतं. त्या भागात नदीकाठी एक गाव होतं. त्याचं नाव मी लिहिणार नाही. गावाखाली नदीला मोठा डोह होता, काठाला देवाचं लहानसं दगडी देऊळ, देवळापासून पाण्यापर्यंत पायऱ्या. त्या डोहात कुणी जाळं टाकत नव्हतं, गळ टाकत नव्हतं. पोरं पोहायची तीसुद्धा वरच्या अंगाला. मासे देवाचे.

डोह राखायचं काम एका घराकडे पिढ्यांपासून होतं. माझ्या वेळी ते एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे होतं. सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं, मीही म्हणू लागलो. गावातलं प्रत्येक घर मूठभर कणीक द्यायचं, आबा तिच्या गोळ्या वळून दुपारी माशांना घालायचे. या कामापोटी त्यांच्या घराकडे नदीलगतचा जमिनीचा एक पट्टा होता. त्याला डोहाचं रान म्हणत. त्यात वांगी, मिरची, थोडी ज्वारी. आबांचं पोट त्याच्यावर होतं, आणि गावातला मानही.

पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, ‘कुटला म्हनायचा तू?’

‘पिंपरीचा.’

‘पिंपरीत आता सगळी दुनिया हाय. मूळचा?’

हा प्रश्न कुठे चाललाय ते मला लहानपणापासून पाठ होतं. खोटं बोलायचा कंटाळा आला होता. म्हटलं, ‘आम्ही बौद्ध आहोत, आबा.’

त्यांनी नदीकडे मान वळवली. मग म्हणाले, ‘बरं. पायरीवर नगं. गावाची कटकट नगं. त्या खडकावर बस, तितनं झ्याक दिसतंय.’

खडक डोहाच्या खालच्या अंगाला होता. पाणी त्यांच्याकडून माझ्याकडे येईल, माझ्याकडून त्यांच्याकडे जाणार नाही, अशा बेतानं. मला कळलं नाही असं नाही. माझ्या बापानं गाव सोडलं ते ह्याच खडकांपायी. उठून सायकलला टांग मारायला हवी होती. पण हातात दुसरी नदी नव्हती, सरांना तोंड दाखवायचं होतं, आणि खरं सांगायचं तर तोवर आबांनी पितळेची वाटी पायरीवर ठाण ठाण वाजवली होती.

मासे आले. आधी पाण्याखाली सावल्या हलल्या, मग पाणी फुगल्यासारखं झालं आणि त्यातून पाठी वर आल्या. खडशी. शास्त्राच्या पुस्तकात जिला महाशीर म्हणतात ती. एकेकीचे खवले बंद्या रुपयाएवढे, कडेला तांबूस झाक. त्या थेट आबांच्या पायांपर्यंत येत होत्या, गोळी घेत होत्या, वळत होत्या. मी बाटलीतल्या माशांवर पाच वर्षं शिकलो होतो. जिवंत खडशी मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. मी खडकावर बसलो.

आणि वर्षभर बसलो. अपमान गिळला म्हणा, नाहीतर विसरलो म्हणा. दोन्ही थोडं थोडं.

आता माझं काम होतं मोजणं. किती मासे, केवढे, कोणत्या महिन्यात कमी, कोणत्या महिन्यात जास्त. हे आबांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा नाराज झाले.

‘आमी मोजीत न्हाई.’

‘का?’

‘का म्हंजी? खळ्यावर पयलं माप टाकताना आमी एक म्हनतो का? लाभ म्हनतो. घरच्या धान्याची ही गत, आन् हे तर देवाचं. किती हाईत ते कुनी बोलायचं न्हाई. माझ्या बापानं मला सांगितलं न्हाई, मी पोराला सांगितलं न्हाई.’

मी त्यांना खूप समजावलं. मोजलं म्हणजे कळेल की वाढतात का घटतात. कळलं म्हणजे जपता येईल. वर असंही म्हणालो की उद्या कुणी विचारलं, या डोहात काय आहे, तर तुमच्याकडे दाखवायला काय आहे? ते ऐकून घेत होते. माझ्या बोलण्यात माझा बाप बोलत होता, ते त्यांना कुठून कळणार. दोन आठवडे त्यांनी विषय टाळला. तिसऱ्या आठवड्यात म्हणाले, ‘तुला मोजल्याबिगर पास करनार न्हाईत का?’

‘नाही करणार.’

‘मग मोज बाबा. मी तिकडं तोंड करून बसतो. पर येक शपत घे. आकडा गावात कुनाला बोलायचा न्हाई. मला बी न्हाई.’

मी शपथ घेतली.

पिंपरीला एका बांधकामावरून पांढरी फरशी मिळवली, तिच्यावर वीत वीत अंतरानं काळे पट्टे ओढले आणि कॅरिअरला बांधून नेली. मासा फरशीवरून गेला की ठळक दिसतो, लांबीही कळते. फरशी पाण्यात ठेवायची होती. मी उतरायचं नव्हतं. आबांनी आपलं धोतर खोचलं, कमरेपर्यंत पाण्यात गेले आणि मी खडकावरून ‘जरा डावीकडे, जरा खाली’ म्हणत राहिलो. वर्षभर दर आठवड्याला ते म्हातारं माणूस माझ्यासाठी फरशी चोळून स्वच्छ करत होतं. मग गोळ्या टाकायचं आणि देवळाकडे तोंड करून बसायचं. मी पेन्सिलीनं रेघा ओढायचो. झालं की म्हणायचो, ‘झालं, आबा.’ मग ते वळायचे आणि एकदाही, एकदाही त्यांनी वहीकडे पाहिलं नाही. घरची भाकर आणली असली तर अर्धी मला द्यायचे. पायरीवर भाकर ठेवायचे, मी येऊन उचलायचो. तसंच चालायचं.

आकडा मी इथेही लिहिणार नाही. एकदा लिहिला तेवढा बास झाला.

प्रबंधात मी तो आकडा तक्त्यात घातला. डोहाचा नकाशा काढला. देऊळ, पायऱ्या, खोली, मोठे मासे कुठल्या कपारीत राहतात, गाडीवाट कुठपर्यंत येते. आणि माझ्या खडकावर एक फुली मारून शेजारी नीट अक्षरात लिहिलं, ‘निरीक्षणाची जागा’, इंग्रजीत अर्थात. गावानं मला जिथे बसवलं ती जागा मीच अशी शास्त्रीय करून टाकली आणि मला त्यात गंमतही वाटली होती. शेवटच्या पानावर एक कळकळीचा परिच्छेद लिहिला की या डोहात मासेमारीला कायद्यानं बंदी असावी. शपथ मोडली असं मला वाटलंच नाही. आकडा मी गावात कुणाला बोललो नव्हतो. लिहिला होता.

वडिलांनी तयार प्रबंध मांडीवर घेतला. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. तक्त्यावरून बोट फिरवत म्हणाले, ‘हे सगळं तू मोजलंस?’ मी हो म्हणालो. ‘मग आता ते मासे कुठं जात नाहीत,’ ते म्हणाले. त्या दिवशी त्यांनी ओव्हरटाइम घेतला नाही.

सरांनाही काम आवडलं. प्रबंध दिल्यावर महिन्याभरानं त्यांनी माझी एक जादा प्रत मागून घेतली. कुठल्याशा सरकारी कचेरीत नद्यांवरच्या चांगल्या डोहांची यादी चालली होती, सर त्या समितीवर होते. ‘तुझं काम उपयोगी पडेल,’ ते म्हणाले. मी हुरळून गेलो. कचेरीत जाणार, शिक्का बसणार. आणखी काय पाहिजे होतं मला?

निकाल लागायला दिवाळी उजाडली. पहिला वर्ग. मी चिंचवडला पेढे घेतले आणि सायकलवरून निघालो. चाळीत वाटण्याआधी डोहावर द्यायचे, असं ठरवलं होतं.

वास गावाच्या अलीकडेच आला. काठावर लहान मासे पांढरे होऊन पडलेले, त्यांच्यावर माश्या. पाणी गढूळ. पायऱ्यांपैकी खालच्या दोन उखडलेल्या. माझी पांढरी फरशी दोन तुकडे होऊन चिखलात. आबा दिसले नाहीत. एक बाई धुणं न धुताच परत चालली होती, ती म्हणाली, ‘चावडीवर हाईत समदी.’

चावडीपुढे चाळीस-पन्नास माणसं बसली होती. आबा एका बाजूला, एकटे. काय झालं ते तुकड्यातुकड्यांनी कळलं. दोन दिवसांपूर्वी ठेकेदाराची माणसं टेंपो घेऊन आली. सरकारचा कागद होता त्यांच्याकडे, डोह लिलावात घेतल्याचा. गाव आडवं झालं तर बरोबर पोलीस होता. सुरुंग टाकले. मोठे मासे टेंपोत भरले, बर्फ टाकला, गेले. त्यांना कपारी विचाराव्या लागल्या नाहीत. सरळ तिथेच सुरुंग लावले, असं एक जण पुन्हा पुन्हा सांगत होता, त्याला त्याचंच नवल वाटत होतं.

सरपंचांच्या हातात कागदांची नक्कल होती. त्यांनी ती माझ्यापुढे धरली. ‘शिकल्याला हाईस, बघ जरा, ह्यात काय लिवलंय.’

निळ्या छपाईचा नकाशा होता. देऊळ, पायऱ्या, कपारी, गाडीवाट. अक्षर माझं. खालच्या अंगाला खडक, खडकावर फुली. बंदीचा परिच्छेद कुठेच नव्हता. आकडा होता.

आणि तेवढ्यात मागून कुणीतरी बोलला, ‘त्याला काय इचारता? आता कसं बोलायचं, कायदा हाय. पर ज्याला डोहावर येऊ द्यायचा न्हाई त्याला आबांनी वरीसभर आनून बसवला. डोह बाटला. मग दुसरं काय हुनार?’

‘व्हय,’ म्हणत माना हलल्या. मला वाटलं होतं माझं भांडं फुटणार. आणि हे लोक मला भलत्याच गुन्ह्यासाठी धरत होते. ज्या गुन्ह्याचा मी आयुष्यभर, माझा बाप आयुष्यभर, आजोबा आयुष्यभर निरपराध आरोपी होतो, त्याच. माझं रक्त खवळलं, ते खरंच खवळलं. पण त्या खवळण्यात एक सुटकाही होती, ती मी तेव्हाच ओळखली, आणि आजवर स्वतःला माफ केली नाही. तो अपमान मी ढालीसारखा पुढे धरला. त्याच्या मागे माझा नकाशा लपत होता.

आबा उठले. त्यांना कधी मोठ्यानं बोलताना मी ऐकलं नव्हतं. ‘ह्या पोरानं पान्याला बोट लावलं न्हाई. फरशीसुदीक मी ठेवली. वरीसभर खडकावर उन्हात बसला. त्याला बोल लावायचा न्हाई.’ मग माझ्याकडे वळून, अगदी साध्या आवाजात, ‘सांग रं यास्नी. तू काय केलं न्हाईस ना?’

मी म्हणालो, ‘नाही.’

पेढ्यांचा पुडा पिशवीतच राहिला. परत येताना चिखलीच्या अलीकडे ओढ्यात टाकून दिला. घरी सांगितलं, गावाला वाटून आलो.

सरांकडे गेलो. भांडायला गेलो होतो. सरांना खरोखर वाईट वाटलं, ते काही दुष्ट माणूस नव्हते. म्हणाले, ‘अरे, यादी संवर्धनासाठी होती. खालच्या लोकांनी लिलावाला वापरली असणार. तक्ता आणि नकाशा तेवढा घेतला, शिफारस गाळली.’ मग चष्मा पुसून म्हणाले, ‘तू इतकं तपशीलवार काम केलं होतंस.’ मला त्यांच्या टेबलावरची फॉर्मॅलिनची बरणी फोडावीशी वाटली. फोडली नाही. पुढे पीएच.डी.ला ये म्हणाले, मी गेलो नाही. वडिलांच्या साहेबांना सांगून कंपनीच्या तपासणी विभागात लागलो. तिथे दिवसभर नटबोल्ट मोजायचे. ते कुणाचे देव नव्हते.

चार-पाच महिन्यांनी आबा आमच्या घरी आले. पत्ता विचारत विचारत, चालत, दुपारच्या वेळेला. मी नुकताच पहिल्या शिफ्टहून आलो होतो. त्यांचा चेहरा उतरला होता. आईनं चहा ठेवला. कप पुढे करताना तिचा हात थबकला, घेतील का नाही म्हणून. आबांनी कप घेतला, बशीत ओतला आणि फुंकून प्यायले. मग म्हणाले, ‘आणिक हाय का वाईच?’ आई आत गेली आणि पदरानं डोळे पुसून आली. पायरीवर भाकर ठेवणारा माणूस आमच्या सतरंजीवर बसून दुसरा कप पीत होता, आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

गावानं डोहाचं रान काढून घ्यायचं ठरवलं होतं. डोह राखता आला नाही, उलट बाटवला, असा ठपका. दोन दिवसांनी पुन्हा चावडीवर बैठक होती. आबा वडिलांना सांगत होते, ‘ह्यानं काय केलं न्हाई हे मी गळ्याच्या शिरा तानून सांगितलं. माझं कुनी ऐकत न्हाई. ह्याच्या हातचा कागद पायजे. शिकलेल्या मानसानं लिवलेलं असलं की गप बसतील. तू काय केलं न्हाईस, येवढंच लिव पोरा. जमीन ग्येली तर खायचं काय?’

वडील ताठ बसले. त्यांना इतकी वर्षं जे पटवायचं होतं ते एक म्हातारा शेतकरी स्वतः चालत येऊन म्हणत होता. ‘लिही,’ ते मला म्हणाले. ‘आत्ताच लिही. चांगल्या कागदावर लिही, खाली सही कर, डिग्री घाल.’

मी आतल्या खोलीत गेलो. काही केलं नाही, असं लिहिणं सोपं होतं. दोन ओळी. त्या लिहून पाहिल्या आणि फाडल्या. त्या दोन ओळींनी आबा वाचले नसते. गावाला वाटत होतं त्यापेक्षा दुसरं खरं कारण दाखवल्याशिवाय बाटण्याची गोष्ट लोकांच्या डोक्यातून जाणार नव्हती. मग मी सगळं लिहिलं. नकाशा मी काढला. आकडा मी मोजला, आबांनी शपथ घातली होती तरी लिहिला. तो कागद सरकारात गेला, तिथून ठेकेदाराकडे. डोह बाटल्यानं मेला नाही, माझ्या लिहिण्यानं मेला. चावडीवर मला आबांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. आबांचा दोष एवढाच की त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. खाली सही केली. डिग्री घातली.

आता पुढची गोष्ट आधी सांगून टाकतो. त्या कागदानं काम केलं. कांद्याच्या गाड्यांवर जाणारा आमच्या चाळीतला एक जण त्या बाजूला जायचा, त्याच्याकडून कळलं की रान आबांकडेच राहिलं. वडिलांना केवढा आनंद झाला. ‘बघितलंस?’ म्हणाले. त्यांना कागदात काय होतं ते मी कधी सांगितलं नाही. आणि त्या गाडीवाल्यानं आणखी एक सांगितलं, की कागद वाचून झाल्यावर आबा कुणाशी न बोलता उठून गेले आणि त्यानंतर चावडीवर आले नाहीत. माझ्याकडेही कधी आले नाहीत. मीही गेलो नाही. वर्षं गेली.

पण मला चावडी आठवत नाही, मी तिथे नव्हतोच. मला आठवतो त्या दुपारचा पिंपरीचा एस.टी.चा थांबा. आबांना मी तिथे पोचवायला गेलो होतो. तिथून चाकणची गाडी मिळायची. कागदाची घडी त्यांनी आधी कपाळाला लावली, मग बंडीच्या आतल्या खिशात घातली आणि वरून दोनदा हात फिरवून पाहिला. मला म्हणाले, ‘लई उपकार झालं बग.’ मग त्यांनी घडी पुन्हा बाहेर काढली आणि माझ्यापुढे धरली.

‘वाचून दाव की जरा. काय लिवलंस ते मला बी कळू दे.’

मी त्यांच्याकडे न बघता म्हणालो, ‘गाडी चुकेल, आबा. तिथं गुरुजी वाचतील.’

ते बरं म्हणाले आणि कागद पुन्हा खिशात ठेवला. गाडीला अजून पाऊण तास होता.